न केलेल्या व्यायामाची नोंद

आमच्या विभागातली माणसं रस्त्यात पाठमोरीसुद्धा ओळखू येतात. मान डावीकडे कललेली आणि उजवा खांदा कानाला भेटायला निघालेला. कारण साधं आहे. कागद डाव्या हाताला, स्क्रीन समोर, आणि मान दिवसभर या दोघांमध्ये हेलपाटे घालते. जुन्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं वाचायची आणि त्यातली एकेक नोंद संगणकात भरायची, हे आमचं काम. कोण कधी नोकरीला लागला, कुठे बदली झाली, किती दिवस आजारी होता. ती माणसं केव्हाच निवृत्त होऊन घरी बसली. आम्ही त्यांच्या आजारपणाच्या तारखा भरतोय.

रांगेत बारा टेबलं आहेत. सातव्यावर फुटपट्टी बसते, आठव्यावर मी. हे नाव तिला तिच्या स्टीलच्या पट्टीवरून पडलं. ओळ चुकू नये म्हणून ती पट्टी पानावर आडवी ठेवते आणि एक ओळ भरून झाली की खाली सरकवते. तेवीस वर्षं हेच. बाकीचे बोटाने ओळ धरतात, मी नुसत्या अंदाजाने, म्हणून चुका माझ्या निघतात आणि तिच्या निघत नाहीत. मी तिला ताई म्हणते. मला सगळे मिरची म्हणतात, कारण मी कोणाचं ऐकून घेत नाही असा माझा लौकिक आहे. त्या लौकिकाचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे.

आधी खुर्च्यांबद्दल बोलू द्या, नाहीतर माझं डोकं शांत व्हायचं नाही. आमच्या खुर्च्यांचा गॅस गेलेला आहे. सकाळी दांडा ओढून खुर्ची वर घ्यायची, ती दिवसभर हळूहळू खाली बसत जाते, आणि संध्याकाळपर्यंत टेबल आपल्या हनुवटीला येतं. कोणी निवृत्त व्हायला आलं की निरोपाच्या भाषणाआधी त्याच्या खुर्चीवर नंबर लागतात. ताईने कधी नंबर लावला नाही. ती खुर्चीवर दोन जाडजूड फायली टाकून बसायची. मी म्हटलं, "ताई, नवीन खुर्चीचा अर्ज तरी कर." म्हणाली, "केलाय गं. चार वर्षं झाली. मंजूर आहे म्हणे, फक्त खुर्ची नाहीये."

तीन वर्षांपूर्वी तिची मान दुखायला लागली. दुखणं एकीचं, पण सल्ले सगळ्या इमारतीचे. पहिल्या टेबलावरच्या आजोबांनी मलम दिलं. लिफ्टवाल्याने सांगितलं, उशी घेऊ नका. कँटीनवाली म्हणाली, एक नाही, दोन घ्या. कोणाच्या साडूला पट्ट्याने गुण आला होता, कोणाच्या वहिनीला पट्ट्यानेच जास्त झालं होतं. घरी तिचा नवरा वायरमन. भला माणूस, पण बायकोची मान म्हणजे ढिला झालेला स्विच आहे असं त्याला वाटत असावं. दर पगाराला एक नवी उशी. मधे खड्डा असलेली, पाण्याने भरायची, कसलीशी फेसाची. एकदा मी त्यांच्या घरी गेले तर पलंगावर सात उशा आणि ताई खाली सतरंजीवर आडवी. नवरा मला म्हणाला, "बघा ना, एवढं सगळं आणून दिलं, तरी ही जमिनीवरच झोपते." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

मग साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. कर्मचाऱ्यांचं आरोग्य, असा विषय होता. तीन दिवस तिथे गाद्यांवर बसून त्यांना आमच्या पाठीचा पुळका आला. आता कोणाही शहाण्या माणसाला वाटेल की खुर्च्या येतील. आला प्रोग्रॅम. दर पाऊण तासाने स्क्रीन बंद व्हायची आणि तिच्यावर एक हिरवा माणूस यायचा. हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे. हे तीन मिनिटं आपण त्याच्याबरोबर करायचं आणि खाली 'केलं' असं बटण असायचं ते दाबायचं. दाबलं की काम पुन्हा सुरू. नाही दाबलं तर आपल्या नावापुढे लाल खूण, आणि महिन्याच्या शेवटी लाल खुणांची यादी साहेबांच्या टेबलावर.

कल्पना वाईट नव्हती, हे मी कबूल करते. फक्त रोजची एकशे दहा पानं तशीच ठेवली होती. नऊ वेळा तीन मिनिटं म्हणजे जवळपास अर्धा तास. तो कुठून काढायचा, हे हिरव्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि साहेबांना विचारायची सोय नव्हती. पहिले दोन दिवस सगळी रांग हात वर-खाली करत होती. दोन्ही दिवस सगळ्यांची पानं कमी भरली आणि सगळ्यांना बोलणी बसली. तिसऱ्या दिवशी मला शोध लागला की तीन मिनिटं थांबायची गरजच नाही. हिरवा माणूस आला रे आला की बटण दाबायचं, तो मुकाट्याने जातो. हा शोध मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगितला. सगळ्यात आधी ताईला.

ताई म्हणाली, "अगं पण न करता 'केलं' कसं दाबायचं?"

मी म्हटलं, "बोटाने."

सगळे हसले. तीही हसली आणि तिने दाबलं.

त्यानंतर पावणेदोन वर्षं आमच्या रांगेत एकानेही मान वळवली नाही. उलट एक नवीच पद्धत पडली. कोणी चहाला किंवा मोरीत गेलं आणि तेवढ्यात त्याची स्क्रीन बंद झाली तर लाल खूण पडायची. म्हणून शेजाऱ्याने वाकून त्याचं बटण दाबायचं. हे काम आपोआप ताईकडे आलं, कारण ती जागेवरून हलायची नाही. सहाव्याचं दाबायची, माझं दाबायची, कधी उठून नवव्याचंही. दुखरी मान घेऊन ती दिवसातून पंधरा वेळा वाकायची, कशासाठी, तर आम्ही व्यायाम केला हे दिसावं म्हणून. याच्यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं ऐका. वर्षाच्या शेवटी आरोग्य सप्ताह झाला आणि सगळ्या इमारतीतून 'सर्वाधिक नियमित व्यायाम' याचं बक्षीस ताईला मिळालं. एकही लाल खूण नाही. प्रशस्तिपत्र आणि पाण्याची बाटली. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, दोन्ही हात वर करून एक घेऊ." ताईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शेवटी साहेबांनीच हसत तो धरून वर केला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खालच्या मजल्यावर तो फोटो अजून लावलेला आहे, खाली लिहिलंय 'आनंदाचा क्षण'.

तीन महिन्यांनी कँटीनमध्ये तिच्या हातातून कप पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. मग ती म्हणाली की उजव्या हाताची पहिली तीन बोटं सकाळपासून झोपल्यासारखी असतात, चिमटा काढला तरी कळत नाही. मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मानेचे फोटो काढले आणि स्पष्ट सांगितलं. मानेच्या मणक्यातली गादी सरकली आहे, नस दबते आहे. सहा आठवडे टायपिंग पूर्ण बंद. आत्ता थांबलात तर हात वाचेल. नाही थांबलात तर ताकद जाईल, आणि गेलेली परत येईलच असं नाही.

"आत्ता म्हणजे कधी?" ताईने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता म्हणजे आत्ता, बाई."

पण तिच्या रजा सासूबाईंच्या मोडलेल्या खुब्यात संपल्या होत्या. बिनपगारी मागितली, तर काम तुंबेल म्हणून साहेबांनी नाही म्हटलं. न विचारता घरी बसली असती तर नोकरीच गेली असती, आणि वायरमनच्या कामाचा काय भरवसा, आज आहे, उद्या नाही. एकच वाट उरली होती. कामामुळे शरीराला इजा झाली असेल तर वेगळी रजा मिळते. ती समिती देते. ताईने अर्ज केला, डॉक्टरांचा कागद जोडला, आणि समितीचं बोलावणं यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे ती टायपिंग करत होती.

नियमाप्रमाणे सोबत एका सहकाऱ्याला नेता येतं. तिने मला नेलं. "तू असलीस की मला धीर येतो. मी अडखळले तर तू बोल," म्हणाली.

समितीत तिघं. आमचे साहेब, कर्मचारी विभागाच्या मॅडम आणि एक पिकल्या केसांचे डॉक्टर, जे सगळा वेळ स्वतःचीच कंबर चोळत होते. मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. आवाज अगदी गोड.

"ताई, इथे असं दिसतंय की तुम्ही चार हजार एकशे सत्तावीस वेळा व्यायाम केलाय. एकदाही चुकवला नाहीत. तुम्हाला बक्षीसही मिळालंय. मग ही इजा इथल्या कामामुळे झाली असं कसं म्हणायचं? घरी काही जड उचलता का?"

ताईने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, बोल ना बाई, बोल एकदाची. आणि ती बोलली. तिला खोटं रेटता येतच नाही.

"मॅडम, व्यायाम मी केला नाही. नुसतं बटण दाबलं. पानं पुरी होत नव्हती."

मग साहेब म्हणाले, "म्हणजे कार्यालयाने सोय केली होती आणि तुम्ही ती वापरली नाहीत. मग यात कार्यालयाचा काय दोष?"

बघा आता गंमत. व्यायाम केला असेल तर इजा कामामुळे नाही. केला नसेल तर इजा तिच्या चुकीमुळे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींवर साहेबांचा शिक्का. शिवाय खोट्या नोंदीबद्दल कारवाई होऊ शकते, हे मॅडमनी जाता जाता तेवढ्याच गोड आवाजात सांगितलं.

"हे तुम्ही एकट्याच करत होता की सगळेच?" साहेबांनी विचारलं.

हाच तो क्षण होता. सगळेच, एवढं एक म्हणायचं होतं. सगळेच करतात, कारण एकशे दहा पानांत तो अर्धा तास बसत नाही, आणि ही युक्ती पहिल्यांदा मी शोधली. हे कळलं असतं तर दोष तिच्यावरून उठून कामावर गेला असता. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आणि मला माझ्या घराचं भाडं आठवलं, मुलीची शाळा आठवली, कारवाई हा शब्द आठवला. साहेबांच्या टेबलावर पाण्याचा पेला होता. मी त्या पेल्याकडे बघत बसले. मी, मिरची.

"मी एकटीच," ताई म्हणाली.

अर्ज नामंजूर झाला.

जिन्यात ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती डाव्या हाताने कठडा धरून उतरत होती. म्हणाली, "बरं झालं बोलली नाहीस. उगाच तुझ्यावर आलं असतं." मी तिच्यावरच खेकसले, की सगळ्या जगाचं ओझं उचलायचा मक्ता तू घेतलायस का, म्हणूनच मान मोडली तुझी. काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं. राग माझा माझ्यावर होता आणि तो ऐकायलाही तीच समोर होती. तिने ऐकून घेतलं, आणि आम्ही दोघी जागेवर येऊन बसलो. दहाच मिनिटांत हिरवा माणूस आला.

मी चार दिवस नीट जेवले नाही. पाचव्या दिवशी लिहून काढलं. बटण कोणी शोधलं, का दाबलं, कोण कोण दाबतं, एकशे दहा पानांना खरा वेळ किती लागतो, सगळं. आधी माझी सही केली आणि कागद रांगेत फिरवला. पहिल्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "पोरी, माझी दोनच वर्षं राहिलीत," आणि कागद पुढे ढकलला. पुढच्यानेही तसाच ढकलला. मग तिसऱ्या टेबलावरची, जी कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात, तिने पेन काढलं. सही करताना म्हणाली, "माझीही दोन बोटं झोपतात. मी कोणाला सांगितलं नाही." त्यानंतर एकेकाचं बाहेर यायला लागलं. कोणाची कंबर, कोणाचं मनगट, कोणी गेले आठ महिने रोज गोळी घेऊन येत होतं. सगळे माना वाकड्या करून शेजारी शेजारी बसलो होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलं एकट्याचंच दुखतंय. आठ सह्या झाल्या. संध्याकाळी आजोबा परत आले आणि नववी सही त्यांनी केली.

कागद आत गेला. आम्हाला वाटलं होतं, आठवड्यात काहीतरी होईल. समिती पुन्हा बसायला तिसरा सदस्य हवा होता, आणि ते पिकल्या केसांचे डॉक्टर कंबरेच्या दुखण्याने रजेवर होते. त्यांची रजा कोणी कशी मंजूर केली ते मला विचारू नका. ते आले तर साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर फाईल सापडेना. नऊ आठवडे गेले. मी रोज ताईची निम्मी पानं भरायचा प्रयत्न करायचे, पण प्रत्येकाची भरलेली पानं वेगळी मोजली जातात, आणि माझीच पुरी होताना मारामार. ती डाव्या हाताने भरत होती, उजव्याची करंगळी तेवढी मदतीला. पट्टी सरकवणंही तिला जमेना, तेव्हा ती कोपराने ढकलायची. वायरमन दुपारी डबा घेऊन यायचा आणि तिला घास भरवून जायचा. आता तो उशा आणत नव्हता. रांगेतल्या कोणाकडे बघतही नव्हता.

दहाव्या आठवड्यात मंजुरी आली. सहा आठवडे, पूर्ण पगारी, कारवाई कोणावरच नाही. रांगेत टाळ्या वाजल्या. वरातीमागून का होईना, घोडं आलं होतं. मी ताईला घेऊन रजा विभागात गेले.

रजा विभागाच्या कारकुनाला सगळे शिक्का म्हणतात. ताईला तो वीस वर्षं ओळखतो. त्याने मंजुरीचा कागद समोर ठेवला आणि बोट दाखवलं. "इथे सही करा, की उद्यापासून सुट्टी."

ताईने पेन घेतलं. ते बोटांतून घसरलं. मी उचलून दिलं. तिने ते मुठीत धरलं, लहान मूल खडू धरतं तसं, आणि दातांत ओठ धरून सही केली. कोंबडीचे पाय उमटावेत तसं काहीतरी उमटलं. शिक्क्याने कपाटातून तिची फाईल काढली, तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवशीची सही काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून चष्मा लावला.

"ताई, ही जुळत नाही."

"अहो, तुमच्यासमोरच केली ना तिने!" मी ओरडले.

"माझ्यासमोर केली हो. पण नमुन्याशी जुळत नाही. असा कागद मी पुढे पाठवला तर परत येईल, आणि पुन्हा महिना जाईल."

तिने आणखी दोनदा केली. तिसऱ्या वेळेला पेनाने कागद फाटला. मी शिक्क्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. तो बिचारा हात जोडायला लागला. "मला काय हौस आहे का? सही येत नसेल तर अंगठा चालतो, तसा नियम आहे. घेऊ का अंगठा?"

ताई म्हणाली, "घ्या."

त्याने शाईचा पॅड पुढे केला. तिने डावा अंगठा टेकवला आणि कागदावर उठवला, नीट चौकटीच्या आत. मग शिक्क्याने दुसरा एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. अंगठा असेल तर साक्षीदार लागतो. साक्षीदाराने सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा, अंगठा उठवणाऱ्याला तो समजला अशी खात्री करायची आणि खाली सही करायची.

"तिला वाचता येतं," मी म्हटलं.

"माहितीये हो मला. पण वाचावं लागतं."

ताईने मान हलवली. वाच म्हणाली. मी कागद हातात घेतला. दारात माणसं अजून उभीच होती. ती शेजारच्या स्टुलावर बसली, उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडे तोंड करून ऐकायला लागली.

मी वाचलं, "सदर कर्मचाऱ्याच्या उजव्या हाताची कार्यक्षमता अबाधित राहावी, या हेतूने ही रजा तातडीने मंजूर करण्यात येत आहे."

मी कागद खाली ठेवला. शिक्का खाली बघत हळूच म्हणाला, "समजलं का, असं विचारा."

मी विचारलं.

"समजलं," ताई म्हणाली. "कर तू सही."